कोकरांची लस व तिची वेळ
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



अहल्यादेवींच्या जयंतीच्या या मेळाव्यात आजवर आपण शिक्षण, वसतिगृह, हुंडा या विषयांवर पुष्कळ ऐकले आहे. या खेपेस चिटणिसांनी मजकडे विषय मागितला तेव्हा मी ‘कोकरांची लस’ असे सांगितले, आणि ते क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. मी मॅट्रिक होऊन उभा जन्म प्राथमिक शाळेत घालविलेला मनुष्य आहे, पशुवैद्य नव्हे. तथापि या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आणि तिची किंमत माझ्या थोरल्या बंधूंनी मोजली. ती आपणांपैकी कोणी पुन्हा करू नये, एवढ्यासाठी मी उभा आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बंधूंचा वाडा आमच्या आष्टी तालुक्यातच शेतात बसला होता. बुळकांडीची लस टोचण्यास डॉक्टर आले. त्यांनी मोठी मेंढरे टोचली, आणि तीन-चार आठवड्यांची कोकरे पाहून म्हणाले, “ही फार लहान आहेत, पुढे पाहू.” पुढे वाडा कोठे असेल कोण जाणे, म्हणून मी हट्टाने ती एकवीस कोकरेही टोचून घेतली. वर बंधूंना सांगितले, “दादा, आता तीन वर्षे निश्चिंत राहा.” चार महिन्यांनी आठवडी बाजारातून आणलेल्या दोन शेळ्या कळपात मिसळल्या. आठवड्यात कोकरांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले, तोंडे आतून सोलली, हगवण लागली, आणि शेवटी धाप लागून चौदा कोकरे दगावली. थोरल्या मेंढ्यांना मात्र काहीही झाले नाही. बंधू इतकेच म्हणाले, “मास्तर, तुझी सुई तुझ्यापाशीच ठेव.” पुढे तीन वर्षे त्यांनी कळपाला कोणतीच लस टोचू दिली नाही. मला चौदा कोकरांपेक्षा या तीन वर्षांचे दुःख अधिक आहे.

आता कारण सांगतो. ते मलाही मागाहूनच कळले. शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी, जिला सरकारी कागदांत पीपीआर म्हणतात, ती आपल्या देशात प्रथम १९८७ साली तामिळनाडूतील अरसूर येथे ओळखली गेली. गुरांची बुळकांडी हिचीच थोरली बहीण. तिच्यावर मुक्तेश्वरच्या संशोधनशाळेत १९२७ च्या सुमारास एडवर्ड्स यांनी शेळीच्या अंगातून विषाणू नेऊन लस तयार केली, आणि २०११ साली ती पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. धाकटीवरील लसही मुक्तेश्वरचीच. हिमाचलातील सुंगरी येथे १९९६ साली शेळ्यांत सापडलेल्या विषाणूपासून ती सिद्ध केली आहे. २०३० पर्यंत हाही रोग संपविण्याचा संकल्प जगाने सोडला आहे.

ही लस म्हणजे दुर्बल केलेला, परंतु जिवंत विषाणू होय. तो अंगात वाढला तरच शरीर त्याला ओळखण्यास शिकते. आता कोकराची गोष्ट पाहा. मेंढी, शेळी, गाय, डुकरीण यांच्या पोटात असताना पिलाला आईकडून रोगाशी लढणारी द्रव्ये मिळत नाहीत. ती सारी जन्मल्यावर पहिल्या चिकातून मिळतात. आई टोचलेली असेल तर तिच्या चिकाचे हे कवच सुमारे तीन-चार महिने टिकते, आणि तेवढ्या काळात टोचलेली लस ते कवचच मारून टाकते. वर्गात मी पाहिले आहे की ज्या मुलाचा गृहपाठ आई लिहून देते त्याच्या वहीत एकही चूक नसते, आणि परीक्षेत एकही उत्तर नसते. आमच्या कोकरांचे तसेच झाले.

हा नियम केवळ आपल्या मेंढरांचा नव्हे. आपल्या गावचे वडार-कैकाडी बांधव डुकरे पाळतात. त्यांच्या पिलांच्या लशींनाही आईच्या चिकाचा असाच अडथळा होतो. माणसाच्या बाळाला गोवराची लस नऊ महिन्यांनी देतात तीही याच कारणाने, आणि गोवर हा तर बुळकांडीच्याच कुळातला. फरक एवढाच की माणसाच्या बाळाला हे कवच बव्हंशी गर्भातच मिळते.

अडचण अशी आहे की हे कवच सर्व कोकरांचे एका दिवशी गळत नाही. मधले काही दिवस असे येतात की उरलेले कवच रोग अडवू शकत नाही, परंतु लस मात्र मारू शकते. म्हणून तीन-चार महिने पूर्ण होताच, विलंब न लावता टोचावे. आणि ज्या मेंढीला कधी टोचलेच नाही, रोगही झाला नाही, तिच्या कोकराला या रोगापासून पहिल्या दिवसापासून संरक्षण नाही. सबब आयांना आधी टोचा. जार पडल्याशिवाय चीक पाजू नये, अशी समजूत आपल्यात अजून आहे. तीमुळे पहिले मोलाचे तास वाया जातात, कारण पहिल्या दिवसानंतर पिलाच्या आतड्यांतून ती द्रव्ये रक्तात शिरतच नाहीत. ही समजूत आता टाकून द्यावी.

राहिला वयाचा प्रश्न. आपणांपैकी पुष्कळांची जन्मतारीख १ जून आहे. ती मी आणि माझ्या व्यवसायबंधूंनीच शाळेच्या दाखल्यात लिहिली, कारण आईबापांना खरी ठाऊक नव्हती. माणसाचे त्यावाचून फारसे अडले नाही. कोकराचे अडते. डॉक्टर येतात त्या दिवशी वाड्यात पंधरा दिवसांचे, दोन महिन्यांचे व चार महिन्यांचे कोकरू एकत्रच असते, आणि अंदाजाने सांगितलेले वय चुकते. यासाठी मी साध्या वह्या आखून आणल्या आहेत: आईची खूण, कोकराचा जन्मदिवस, टोचल्याचा दिवस. राहिलेल्या कोकरांसाठी डॉक्टरांना पुन्हा केव्हा बोलवावयाचे, आणि त्या वेळी वाडा कोणत्या शिवारात असेल, तेही तीत लिहावे. बाजारातून आणलेले जनावर तीन आठवडे वेगळे बांधावे, त्यासाठीही शेवटी एक रकाना ठेवला आहे.

बंधूंच्या वाड्यावर ही वही आता त्यांचा नातू लिहितो. गेल्या खेपेस डॉक्टर आले तेव्हा बंधूंनी माझ्याकडे न पाहता त्यालाच विचारले, “वहीत काय लिहिलंय?” मग चार कोकरे त्यांनी स्वतः बाजूस काढून ठेवली.

वह्या मंडपाच्या दाराशी मेजावर ठेवल्या आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेत जाणारे मूल बरोबर घेऊन यावे. आखणी कशी भरावयाची ते मी सायंकाळपर्यंत तेथे बसून दाखवीन.