वस्तू आपली, तर दुरुस्तीही आपली
(पौड, ता. मुळशी येथील बैठकीतील भाषण)



आपण कापूस विकायला नेतो तेव्हा भाव घेणारा ठरवतो. आपण मोबाईल, झटका मशीन किंवा मोटारीचा ऑटो स्विच घ्यायला जातो तेव्हा भाव विकणारा ठरवतो. आता त्यावरही कडी झाली आहे. घेतलेली वस्तू बिघडली, तर ती कोणी, कधी आणि केवढ्याला दुरुस्त करायची, हेही विकणाराच सांगतो.

ज्वारी हुरड्यात आली, रानडुकरं उतरू लागली आणि नेमका झटका मशीनचा बोर्ड गेला. दुकानदार म्हणतो, कंपनीला पाठवू. कंपनी म्हणते, महिना लागेल. गावातल्या कारागिराने खोलून पाहिले, की म्हणते, सील तुटले, वॉरंटी संपली! डुकरं काही महिनाभर थांबत नाहीत.

अमेरिकेतले शेतकरीही ट्रॅक्टरमधल्या कॉम्प्युटरपायी असेच अडले. ते हटून बसले, तेव्हा कोलोरॅडो राज्यात २०२३ साली कायदा झाला. शेतीयंत्राचे पार्ट, हत्यारे आणि माहिती मालकाला देणे कंपनीवर बंधनकारक झाले. आपल्याकडेही २०२२ साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारे आणि मोबाईल दोन्ही होते.

पण हातात आहे ते हत्यार आधी वापरू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची, तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. पौडच्याने पुण्याला जावे, यवतमाळच्याने यवतमाळला. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची. "शेतकरी कसला ग्राहक?" असे कोणी म्हटले, तर सांगा की सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्याच्या खटल्यात शेतकऱ्याला ग्राहकच मानले आहे.

मात्र कच्च्या चिठ्ठीवर तक्रार लंगडी पडते. पक्के बिल मागा. ते न देणे ही कायद्याने अनुचित प्रथा आहे. मशीन दुरुस्तीला देताना तारखेची पोच घ्या. आधी १९१५ वर फोन करा. गावात एकाच कंपनीची दहा मशीन बंद असतील, तर आयोगाच्या परवानगीने दहांची तक्रार एकत्र करता येते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने घरातल्या बंद वस्तूचे बिल बरोबर आणावे. अर्ज आपण तिथेच बसून लिहू.