थंडीतील इंजिनाची कुरकुर



मी कला शाखेचा पदवीधर. यंत्राविषयी बोलण्याचा अधिकार मला केवळ एका चुकीने मिळाला आहे.

१९९५ च्या जानेवारीत सरकारी कामानिमित्त झाशी जिल्ह्यातील एरच येथे माझा मुक्काम होता. बेतवेकाठचे हे प्राचीन गाव. प्रल्हादाची कथा तेथील मंडळी आपल्या घरची म्हणून सांगतात. थंडी अशी की घरून नेलेले खोबरेल बाटलीत दगडासारखे होई. पहाटे आमची डिझेल जीप सुरू केली की टकटक ऐकू येई.

इंजिन रात्रभर थांबले की वरच्या भागांतील बरेचसे तेल निथळून तळाच्या पात्रात उतरते. सकाळी पंप ते पुन्हा वर पोहोचवीपर्यंत वरचे भाग अंगावर राहिलेल्या पातळ थरावरच चालतात. इंजिनाचे तेल खोबरेलासारखे थिजत नाही, परंतु गारठ्याने दाट होऊन सावकाश वाहते. डब्यावरील '२०डब्ल्यू-४०' मधील डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत लवकर धावते.

मात्र प्रत्येक आवाज तेलाचा नसतो. गार डिझेल इंजिनात इंधन पेटण्यास विलंब लागतो आणि साचलेले इंधन एकदम भडकते. तो खडखडाट स्वाभाविक आहे. झिजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन आपटल्याचा बोदा आवाज, पिस्टन तापून फुगला की बंद होतो. वरून येणारी हलकी, जलद टकटक बहुधा व्हॉल्व्हच्या बाजूची. पण खालून येणारा, भार पडताच वाढणारा खोल ठोका बेअरिंगचा. तेथे पुढे जाऊच नये.

आमचे चालक वयाने वडीलधारे होते. ते म्हणाले, "साहेब, आवाजाचे राहू द्या, तेलाचा लाल दिवा पूर्वीपेक्षा उशिरा विझतो आहे." मी नवा अधिकारी! कोणीतरी सुचविल्याप्रमाणे अधिक दाट तेल भरविले. तापल्यावर इंजिन शांत वाटू लागले, आणि माझी कॉलर ताठ झाली. दिवा मात्र आणखी उशिरा विझू लागला.

महिनाभरातच एका चढावर बेअरिंग गेले. इंजिन उघडले तेव्हा तेल शोषणारी जाळी गाळाने अर्धीअधिक बुजलेली आढळली. पातळ तेलालाच जेथे वाट नव्हती, तेथे मी दाट तेल घातले होते. खुलासा मागणारे पत्र आले. चालकाने आधी सांगितले होते, हे मी त्यात लिहिले. ते लिहिताना जड गेले, हे येथे कबूल करतो.

दुरुस्तीनंतर ते चालक दिवा विझेपर्यंत मोठ्याने आकडे मोजीत. आज माझी स्वतःची गाडी आहे. पुस्तिकेत लिहिले आहे तेच तेल तिच्यात असते. तरी सकाळी किल्ली फिरविली की मी मनात मोजतो. चारच्या पुढे गेलो, की इंजिन बंद करून आधी तेलाची पट्टी पाहतो.