बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं



५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली त्या दिवशी केडगाव इथं त्या प्रभूच्या घरी गेल्या. त्यांचं नाव निघालं की शारदा सदन, मुक्ती मिशन, विधवांचं शिक्षण हे सगळं ओघानं येतं आणि ते यायलाच हवं. पण मला आज त्यांच्या आयुष्यातल्या अशा आठ वर्षांविषयी बोलायचं आहे, ज्यांचा उल्लेख आपल्या देवळांतून क्वचितच होतो. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी रमाबाईंनी आपल्या छोट्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. आणि पुढं आपल्या साक्षीत त्यांनीच लिहून ठेवलं की, त्या दिवशी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठ वर्षं जावी लागली.

हे लिहायला मोठं धैर्य लागतं. ज्यांच्या धर्मांतरावरून सारा महाराष्ट्र ढवळून निघाला, ज्यांना स्वकीयांचे कठोर बोल सोसावे लागले, त्या बाई म्हणतात की त्या वेळी माझं काम पुरं झालं नव्हतं.

त्या ख्रिस्ताकडे वळल्या त्याची सुरुवात कुठं झाली तेही पाहण्यासारखं आहे. लंडनमधल्या फुलम इथं वाँटेजच्या धर्मभगिनींचं एक घर होतं. समाजानं पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथं आसरा मिळत असे, त्यांची शुश्रूषा होत असे. रमाबाई शास्त्रं कोळून प्यायलेल्या होत्या. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना सरस्वती ही पदवी दिली होती. पण अशा स्त्रियांशी कुणी मायेनं वागावं, हे त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिथल्या एका भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

तो अध्याय आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असेल. भर दुपारी एक शोमरोनी स्त्री एकटीच याकोबाच्या विहिरीवर पाण्याला येते. ती अशा वेळी का आली हे शास्त्रात सांगितलेलं नाही, पण गावातल्या बायकांना ते सांगावं लागणार नाही. चारचौघींच्या नजरा चुकवायच्या असल्या की बाई उन्हातच पाण्याला जाते. येशू तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी माणूस शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागतो, हीच तिला नवलाची गोष्ट वाटते. मग बोलणं तिच्या संसारापर्यंत येतं. पाच नवरे झाले, आताचा तिचा नवरा नव्हे. तेव्हा ती बोलणं वळवते आणि विचारते, उपासना करायची कुठं? आमच्या डोंगरावर की यरुशलेमेत? येशू तिला सांगतो की प्रश्न जागेचा नाही. पित्याला हवे आहेत ते अंतःकरणापासून, खरेपणानं त्याला भजणारे. मला नेहमी वाटतं, खऱ्या उपासनेविषयीचं इतकं मोठं सत्य प्रभूनं कुण्या याजकापुढं मांडलं नाही. ज्या बाईला गावात उजळ माथ्यानं फिरता येत नव्हतं, तिला ते आधी सांगितलं. आणि ती बाई घागर तिथंच टाकून गावात धावत जाते. ज्यांना टाळत होती, त्यांनाच हाका मारते.

रमाबाईंना ही गोष्ट भिडली. पुरुषाला आणि स्त्रीला एकच मान देणारा, पतितालाही जवळ करणारा धर्म इथं आहे, असं त्यांच्या बुद्धीला पटलं आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी काय केलं नाही? चेल्टनहॅमच्या विद्यालयात अध्यापन केलं, अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, १८८९ मध्ये मुंबईला विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडलं. वाँटेजच्या भगिनींशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून पत्रांतून वाद घातला, पटेल तेच मानीन असं ठणकावून सांगितलं. या सगळ्या काळात त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. पण ती श्रद्धा एका उत्तम मतावरची होती, आणि एकांतात माणसाला मत पुरत नाही. हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. हे गृहस्थ पाळक होऊन, वर्षानुवर्षं प्रवचनं करून, मग एके दिवशी स्वतःच्याच व्यासपीठावर ख्रिस्ताला शरण गेले होते. ते वाचून रमाबाईंनी स्वतःला विचारलं, मला ख्रिस्त खरोखर मिळाला आहे का? त्यांना उमगलं की पापांची क्षमा ही आपण लायक होईपर्यंत थांबणारी गोष्ट नाही. ती आताच, आहोत तसे असताना, ख्रिस्ताकडून घ्यायची असते.

मग बदललं काय? पहिला बदल अगदी घरातला होता. शारदा सदन आता पुण्याला आलं होतं. रमाबाई पहाटे मनोरमेला घेऊन प्रार्थनेला बसत आणि खोलीचं दार उघडं ठेवत. हळूहळू सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. शहरात वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. मुली ख्रिस्ती होतील ही पालकांच्या मनातली भीती मला समजते, तिला मी खोटं म्हणणार नाही. पण रमाबाईंनी कुणाला बोलावलं नाही आणि दारही लावलं नाही. याच सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि आनंदीबाई कर्वे म्हणून आपण त्यांना ओळखतो. ज्या घरात येण्याची मोकळीक होती, तिथं न येण्याचीही होती.

दुसरा बदल दुष्काळात दिसला. आई, वडील आणि बहीण भुकेनं गेलेली रमाबाईंनी तरुण वयात डोळ्यांनी पाहिली होती. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं सुकलेल्या, वाईट लोकांच्या हाती पडू शकणाऱ्या मुलींना घेऊन केडगावला आल्या. तिथल्या मुक्ती मिशनात शेती, गोठा, विणकाम, तेलघाणी, छापखाना सगळं बायकाच चालवू लागल्या. फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथं कृपा सदन उभं राहिलं. फुलमला ऐकलेला तो अध्याय असा दौंड तालुक्यात उतरला.

१९०५ च्या जूनमध्ये केडगावला झालेल्या आत्मिक जागृतीविषयी बरंच लिहिलं गेलं आहे. शेकडो मुली रडून, मोठ्यानं प्रार्थना करून पापं कबूल करत होत्या. बाहेरच्या काही मिशनऱ्यांना तो गोंगाट रुचला नाही. रमाबाई मुलींच्या बाजूनं उभ्या राहिल्या. आपल्या लोकांना आपल्या रीतीनं देवाला आळवू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. माझं मत विचाराल, तर अश्रूंवरून मी काहीच ठरवणार नाही. मी पाहतो ते एवढंच की, त्या मुली नंतर गट करून आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला गेल्या.

आणि शेवटचं काम बायबलचं. साध्या, न शिकलेल्या बाईला वाचता येईल अशा मराठीत त्यांना ते हवं होतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. त्यांच्या मागं, १९२४ मध्ये, ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं. छपाईचे खिळे जुळवले ते केडगावच्या बायकांनी.

माझ्यासारख्या जन्मानं ख्रिस्ती असलेल्या श्रोत्यांना एक विनंती आहे. आपलं नाव मंडळीच्या नोंदवहीत पाळण्यात असतानाच लागलं. दृढीकरण झालं, प्रभुभोजन घेतो, नाताळला गायनवृंदात उभे राहतो. हे सगळं चांगलंच आहे. पण रमाबाईंनी आठ वर्षांनी स्वतःला जे विचारलं, ते आपणही एकदा विचारावं. येत्या रविवारी उपासनेला निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना बसवून योहानाचा चौथा अध्याय मोठ्यानं वाचा. आणि जमलं तर केडगावला जाऊन या. पुण्याहून दौंडच्या वाटेवर रेल्वेचं स्टेशन आहे, आणि मुक्ती मिशनचं काम आजही चालू आहे.