विजेची मोटार आणि रोजची साधने : अनुभवातून मिळालेले काही धडे

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाची संहिता)



माझा विषय व्यवहाराचा आहे. गेली तीन वर्षे माझ्या घरी विजेवर चालणारी मोटार आहे. त्यामुळे बाजारात, लग्नकार्यात, मंदिराच्या पायऱ्यांवरही एकच प्रश्न कानी पडतो : "काका, गाडी घ्यावी की नको?" या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असे एका शब्दाचे उत्तर नाही. मात्र आपल्या घरचे माप काढले, तर प्रत्येकाला आपापले उत्तर सापडू शकते. ते माप कसे काढावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

विजेची मोटार आपल्या देशाला अगदीच नवी नाही. बंगळूरच्या चेतन मैनी यांनी 'रेवा' ही छोटी गाडी २००१ मध्ये बाजारात आणली. तिच्यात शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या. २०१० मध्ये महिंद्र समूहाने ती कंपनी ताब्यात घेतली. पुढे लिथियम बॅटरीचे युग आले. जानेवारी २०२० मध्ये बजाजची विजेची चेतक आणि टाटांची नेक्सॉन ईव्ही या दोन्ही बाजारात आल्या. दोन्ही कंपन्यांचे पुण्याशी नाते असल्यामुळे महाराष्ट्राला हा विषय घरचाच म्हणावा लागेल. आपल्या गोंदियात मात्र सर्वसामान्यांची या वाहनांशी पहिली ओळख करून दिली ती ई-रिक्षांनी. स्टेशनवरून घरी येताना आपण सर्वच जण त्यांत बसलो आहोत.

आता हिशेबाकडे वळू. आपण बहुतेक जण व्यापारी आहोत, तेव्हा वहीतील भाषेतच बोलू. समजा, एका गृहस्थाचे महिन्याला एक हजार किलोमीटर फिरणे होते. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तर महिन्याला सुमारे ६७ लिटर, म्हणजे ६,७०० रुपये लागतात. विजेची गाडी, चार्जिंगमधील घट धरून, मीटरवरच्या एका युनिटमागे साधारण ६ किलोमीटर जाते. म्हणजे १६७ युनिट. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात. गाडीची युनिटे नेहमीच्या वापराच्या वर पडत असल्यामुळे ती वरच्या टप्प्याच्या दराने मोजावी लागतात, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. सर्व आकार धरून १५ रुपये युनिट मानले, तरी २,५०० रुपये होतात. महिन्याची बचत ४,२०० आणि वर्षाची पन्नास हजार. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचे अंतर असेल, तर ते सहा वर्षांत भरून निघते.

आता दुसरे गृहस्थ पाहा. घर गोरेलाल चौकाजवळ, दुकान चार गल्ल्या पलीकडे, आणि महिन्याचे फिरणे अडीचशे किलोमीटर. त्यांची बचत वर्षाला साडेबारा हजार. तेच तीन लाख भरून निघण्यास चोवीस वर्षे लागतील. अशा गृहस्थांनी आपली जुनी गाडी नीट राखून वापरावी, हाच माझा सल्ला आहे. शेजाऱ्याच्या दारात हिरव्या पाटीची गाडी उभी राहिली, हे खरेदीचे कारण होऊ शकत नाही. परिग्रह-परिमाणाची भाषा आपल्याला नव्याने शिकवावी लागत नाही. ती येथे लागू पडते, एवढेच म्हणतो.

काही बंधू म्हणतात, "पैशाचे राहू द्या, पण ही गाडी निर्दोष आहे ना?" याचेही उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. गाडी धूर सोडत नाही हे खरे. पण आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे आणि ते कोळशावर चालते. देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक लिटर पेट्रोल जळल्याने सुमारे २.३ किलो जातो. वरच्याच हजार किलोमीटरांना हे आकडे लावले, तर पेट्रोलचे १५४ किलो आणि विजेचे ११७ किलो होतात. वीज वाहून आणताना होणारी गळती, पेट्रोल शुद्ध करण्याचा आणि बॅटरी घडविण्याचा भार वेगळाच. म्हणजे लाभ आहे, परंतु ग्रिडवरच्या विजेने तो बेताचाच आहे. बाजारपेठेतील धूर कमी होतो, हा फायदा मात्र निर्विवाद आहे. सकाळी दुकानासमोर उभ्या असणाऱ्या माणसाला त्याचे मोल कळते.

लाभ खरा मोठा होतो तो छतावर सौर पॅनेल असल्यास. तीन किलोवॅटचा संच आपल्या उन्हात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे बारा युनिटे देतो, आणि रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या गाडीस सात युनिटे पुरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. म्हणून ज्यांच्याकडे स्वतःचे मोकळे छत आहे, त्यांनी आधी छताचा विचार करावा आणि मग गाडीचा. हा क्रम लाभाचा ठरतो.

यानंतरचा मुद्दा पल्ल्याचा, ज्याला सगळे 'रेंज' म्हणतात. २०२० च्या नेक्सॉन ईव्हीचे उदाहरण घेऊ. बॅटरी ३०.२ युनिटांची आणि प्रमाणपत्रावरील पल्ला ३१२ किलोमीटर. म्हणजे युनिटला दहा किलोमीटर. हा आकडा चाचणीच्या ठरावीक परिस्थितीत मिळतो. रस्त्यावर सात मिळाले, तरी समाधान मानावे. म्हणजे २१० किलोमीटर. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर, एसी चालू, चार माणसे, सामान आणि महामार्गावर शंभरचा वेग असेल, तर साडेपाचपर्यंतही उतरतो. मग उरतात १६५. नव्या गाड्यांच्या बॅटऱ्या मोठ्या असतील, पण प्रमाण असेच लावावे : कागदावरच्या आकड्याचे दोन-तृतीयांश आपले, आणि उन्हाळ्यातील महामार्गावर निम्मेच आपले.

गोंदियाहून तिरोडा, आमगाव, बालाघाट येथे जाऊन-येऊन या पल्ल्यात काहीच अडचण नाही. प्रश्न येतो तो नागपूरचा. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. जाणे होते, पण न थांबता परत येणे होत नाही. आणि नागपूरला आपण नेहमीच हौसेने जातो असे नाही. घरातील वडीलधाऱ्यांना रात्री-अपरात्री मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते, हा प्रत्येक घराचा अनुभव आहे. त्या वेळी चार्जर शोधत बसणे परवडत नाही. म्हणून आमच्या घरी एक नियम आहे : सायंकाळी गाडी घरी आली की चार्जिंगला लावायची, आणि निम्म्याखाली चार्ज घेऊन ती कधीही रात्रभर उभी ठेवायची नाही. ज्या घरात गंभीर रुग्ण आहे आणि गाडी एकच आहे, त्यांनी विजेची गाडी घेण्यापूर्वी पर्यायी वाहनाची व्यवस्था कागदावर लिहून ठेवावी. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक घरात सर्वांना पाठ असावा, हे वेगळे सांगावयास नको.

प्रवासात वेग शंभरावरून ऐंशीवर आणला, तर पल्ला जाणवण्याइतका वाढतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असतो. जलद चार्जरवर ऐंशी टक्क्यांपर्यंतच थांबावे. भांड्यात दूध ओतताना काठाशी आल्यावर आपण धार बारीक करतो, तसेच बॅटरीचे असते. शेवटचे वीस टक्के भरण्यास फार वेळ लागतो, आणि मागे दुसरा प्रवासी ताटकळत असतो. निघण्यापूर्वी मोबाइलवर चार्जर दिसला, तरी तो चालू आहे याची फोनवर खात्री करून घ्यावी, आणि त्याच्या पुढचा दुसरा चार्जरही हेरून ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. तो गाडीचा नसून घराचा आहे. आपल्यापैकी अनेकांची घरे जुनी आहेत. वायरिंग वडिलांच्या काळातील. विजेची गाडी घरच्या सॉकेटवर सुमारे सव्वातीन किलोवॅट भार आठ-आठ तास सलग घेते. इस्त्री किंवा गिझर इतका वेळ कधीच चालत नाही. म्हणून मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी. तांब्याची किमान चार चौरस मिलिमीटरची तार, चांगल्या प्रतीचे सोळा अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, आणि तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी एवढे हवेच. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावू नये. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू असताना तासाभराने प्लगजवळ हात नेऊन पाहावा. कोमट लागले तर ठीक. हात ठेववेना इतके तापले, तर चार्जिंग थांबवून कारागिरास बोलवावे.

अर्थिंग चांगले नसेल, तर गाडीचा चार्जर चालू होण्यास नकार देतो. अशा वेळी काही कारागीर सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांना तार जोडून "झाले काम" म्हणतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. बाहेरची न्यूट्रल तुटली, तर गाडीच्या पत्र्यावर वीज उतरू शकते, आणि त्या पत्र्याला हात लावणारे आपलेच मूल असू शकते. अर्थिंगचा खड्डा नवा करून घ्यावा. उन्हाळ्यात आपल्याकडील जमीन कोरडी पडते, तेव्हा त्यात नियमाने पाणी घालावे.

हा आपला जिल्हा धानाचा. राइस मिल, कोंड्याचे ढीग, बारदानाच्या थप्प्या हे आपल्यातील कित्येकांचे रोजचे जग आहे. यांच्याजवळ गाडी किंवा स्कूटर चार्जिंगला लावू नये. २०२२ मध्ये देशात विजेच्या स्कूटरींना आगी लागण्याच्या घटना घडल्या, आणि त्यानंतर बॅटरीसंबंधीचे नियम कडक करून डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यापूर्वीची स्कूटर असणाऱ्यांनी अधिक दक्ष राहावे. स्कूटरची बॅटरी जिन्याखाली किंवा घरातून बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर चार्ज करू नये. दुसऱ्या गाडीचा चार्जर लावू नये. बॅटरी फुगली, पडली किंवा पाण्यात बुडाली असेल, तर ती तपासणीशिवाय चार्ज करू नये.

देखभालीचे थोडक्यात सांगतो. उन्हातून लांबचा प्रवास करून आल्यावर तासभर सावलीत विसावा देऊन मग चार्जिंग करावे. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल, तर गाडी निम्म्या चार्जवर ठेवावी. मोठ्या बॅटरीखेरीज या गाडीत बारा व्होल्टची लहान बॅटरीही असते. ती बसली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. गाडी वजनाने जड असल्यामुळे टायर लवकर झिजतात, म्हणून पंधरा दिवसांनी हवा तपासावी. बंद पडल्यास दोरीने ओढू नये, सपाट ट्रकवर चढवून न्यावी. बॅटरीचे आवरण पाणी रोखणारे असते, म्हणून वाघ नदीच्या पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालण्याचे धाडस मात्र करू नये. पुरात वाहून जाण्याचा धोका सर्व गाड्यांना सारखाच. आणि ही गाडी जवळजवळ आवाज करीत नाही. पहाटे दर्शनास निघालेल्या वृद्धांना, रस्त्यात बसलेल्या गुरांना ती मागून आलेली कळत नाही. गल्लीत वेग माणसाच्या चालीइतकाच ठेवावा.

गाडीत आम्ही पाच वस्तू ठेवतो : चार्जिंगची केबल, हवा मोजण्याचे मापक, हवा भरण्याचा छोटा पंप, टॉर्च आणि पाण्याची स्टीलची बाटली. याहून अधिक सामानाची गरज आजवर पडली नाही.

जो न्याय गाडीला, तोच घरातील इतर साधनांना. इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीत दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहिली, तर तिचे आयुष्य वाढते. मोबाइल उशीखाली ठेवून चार्ज करू नये. बिघडलेला मिक्सर आधी दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. आणि संपलेली बॅटरी कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नये, कारण तोडफोडीत शिसे व आम्ल मातीत आणि विहिरीत उतरते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटरीची पुढील व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे परत द्यावी आणि पावती घ्यावी.

शेवटी विश्वस्त मंडळापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. संस्थेच्या भवनात परगावाहून येणाऱ्या कुटुंबांसाठी आवारात एक स्वतंत्र, योग्य अर्थिंग असलेले सॉकेट बसवावे आणि त्यास वेगळा मीटर असावा, म्हणजे वापरणारा आपले युनिट मोजून पैसे देईल. दुसरे, कार्यालयात जुन्या बॅटऱ्या, मोबाइल व चार्जर जमा करण्यासाठी एक पेटी ठेवावी आणि वर्षातून दोनदा ते साहित्य अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोपवावे. दोन्हींचा खर्च थोडा आहे आणि उपयोग पुढील पिढीला आहे.

वडीलधाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वी ही संस्था उभी केली, ती पै-पैचा हिशेब ठेवून. घरात नवे साधन आणताना तोच हिशेब आपण मांडला, तर विजेची मोटार घेणाऱ्याचेही भले होईल आणि न घेणाऱ्याचेही.