ऋण कोणाचे, ओढ कोणाची?

(इचोडा येथे मराठी शिक्षक आणि विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



रसायनशास्त्राच्या पुस्तकातला एकच शब्द आज घेतो : विद्युतऋणता. इचोड्यात हा शब्द उच्चारला की मुलांच्या कानाला आधी 'ऋण' लागते, आणि इथे ऋण म्हणजे पीककर्ज. तेलुगूतही तेच. 'रुणमाफी' हा शब्द इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. त्याच मुलाला तेलुगू पुस्तकात 'ऋणविद्युदात्मकता' भेटते आणि मराठीत 'विद्युतऋणता'. त्याला वाटते, फ्लोरिन कर्जबाजारी आहे! गणितातले ऋण आठवले तर पंचाईत आणखी वाढते. फ्लोरिनची विद्युतऋणता ३.९८, मग वजाचे चिन्ह गेले कुठे?

प्रश्न रास्त आहे. इलेक्ट्रॉनवरचा प्रभार ऋण. दोन अणूंनी सामाईक ठेवलेले इलेक्ट्रॉन जो अणू स्वतःकडे जास्त ओढतो, त्याच्या बाजूला थोडा ऋण प्रभार जमतो. विद्युतऋणता हे त्या ओढण्याच्या क्षमतेचे माप. क्षमता उणे नसते, म्हणून आकडाही उणे नसतो. वर्गात खुशाल 'इलेक्ट्रॉन-ओढ' म्हणावे, उत्तरपत्रिकेत पुस्तकी शब्द लिहावा. मात्र ही ओढ बंधातली आहे, हे विसरू नये. एकट्या अणूने इलेक्ट्रॉन स्वीकारणे ही वेगळी गोष्ट.

हे माप लायनस पॉलिंग यांनी १९३२ साली मांडले, तेही बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेवरून. हायड्रोजन-हायड्रोजन बंधाला मोलमागे सुमारे ४३६ किलोज्यूल लागतात, फ्लोरिन-फ्लोरिनला सुमारे १५८. सरासरी २९७. पण हायड्रोजन-फ्लोरिन बंधाला लागतात जवळजवळ ५६७! ही वरची बळकटी आली कुठून? ओढाताण असमान झाल्यामुळे एक टोक किंचित धन, दुसरे किंचित ऋण झाले आणि बंध घट्ट झाला. या जादा ऊर्जेवरून पॉलिंग यांनी दोन अणूंच्या ओढीतला फरक काढला.

आता त्या प्रसिद्ध नियमाकडे येऊ : फरक १.७ पेक्षा जास्त तर आयनिक बंध, कमी तर सहसंयुज. मुले हा नियम तोंडपाठ करतात, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. हायड्रोजन फ्लोराइडमधला फरक १.७८. नियमाने तो आयनिक ठरावा, पण त्याचे सुटे रेणू असतात आणि तो सुमारे २० अंश सेल्सिअसलाच उकळतो. लिथियम आयोडाइडमधला फरक १.६८, म्हणजे नियमाने सहसंयुज. प्रत्यक्षात तो स्फटिकी क्षार आहे आणि वितळायला साडेचारशे अंशांहून अधिक तापमान लागते. निसर्गाने १.७ वर कुंपण घातलेले नाही. सीमाभागातल्या माणसांना हे समजावे लागू नये. पैनगंगेच्या एका काठावर मराठी संपते आणि दुसऱ्यावर तेलुगू सुरू होते, असे कुठे आहे? आयनिक ते सहसंयुज हा उतार आहे, मधला भाग ध्रुवीय बंधांचा.

या मधल्या भागातला एक बंध तुमच्या घरात ढिगाने पडलेला असतो. कापूस म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, आणि सेल्युलोजच्या साखळीवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. ऑक्सिजन ३.४४, हायड्रोजन २.२०; फरक १.२४. या ध्रुवीय जोड्या पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, म्हणून दमट हवेत कापूस ओलावा घेतो. त्याच ढिगावरची प्लास्टिकची ताडपत्री पॉलिथिनची. तिच्यात कार्बन-हायड्रोजनचे बंध, फरक जेमतेम ०.३५. पाणी तिच्यावरून ओघळून जाते.

हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, आणि १२ च्या वर गेला तर भारतीय कापूस महामंडळ माल घेत नाही. मार्केट यार्डात वडिलांच्या गाडीला लावलेले ते यंत्र नेमके काय मोजते, हे आठवी-नववीच्या मुलाला कळायला हवे. शाळेत करून पाहा : पहाटे दवात वेचलेला शंभर ग्रॅम कापूस तोला, कडक उन्हात पसरा, तासातासाने वजन घ्या. वजन उतरायचे थांबले की किती ग्रॅम गेले ते वहीत लिहा. मग तोच कापूस रात्रभर उघड्यावर ठेवा आणि सकाळी पुन्हा तोला.