आगमांची भाषा आणि शाळेचा फळा



जळकोटच्या जैन घरांतील लहान मुलांनाही णमोकार मंत्र मुखोद्गत असतो. परंतु ज्या प्राकृत भाषेत तो आहे, तिच्यातील एखादे साधे वाक्य पुढे ठेवले, तर मुलेच काय, वडीलधारेही निरुत्तर होतात. श्रद्धा टिकली, भाषा मात्र उच्चारापुरती उरली. सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी या उणिवेचा विचार होणे अगत्याचे आहे.

प्राकृत परकी नव्हे. 'हत्थ'चा हात झाला, 'कम्म'चे काम झाले, 'कप्पड'चे कापड झाले. 'सुत्त' म्हणजे सूत आणि 'सुत्त' म्हणजे आगमातील सूत्रही! मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या ज्या लेण्यांचे वर्णन येते, ती धाराशिवचीच लेणी होत, असे डॉ. हीरालाल जैन यांनी दाखवून दिले. तेव्हा हा वारसा केवळ जैन समाजाचा नव्हे, तर प्रत्येक मराठी भाषकाचा आहे.

भाषा जाणणारे उरले नाहीत की ग्रंथाची पूजा होते, वाचन होत नाही. षट्खंडागमावरील 'धवला' टीका शतकानुशतके मूडबिद्री येथे ताडपत्रांवर बंदिस्त होती. १९व्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी तिच्या प्रती करवून घेण्याचा ध्यास घेतला. पुढे १९३९ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. द्रव्य व्यापाऱ्यांचे आणि विद्या पंडितांची, असा तो संगम होता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविणारे डॉ. आ. ने. उपाध्ये हेही त्याच पिढीतले.

आज शासकीय धोरण प्रतिकूल नाही. राज्यघटनेचे कलम ३०अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा अधिकार देते; जानेवारी २०१४ पासून जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांतून ऐच्छिक शिकवावयाच्या भाषांमध्ये प्राकृतचा नामोल्लेख आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबरच प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेसाठी अर्धमागधी घेण्याची सोय तर फार पूर्वीपासून आहे.

मग अडते कोठे? मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तरतूद करणारे कलम ३५०-अ येथे उपयोगी पडत नाही. कारण प्राकृत आज कोणाचीही मातृभाषा नाही. ती घरात आपोआप येत नाही, शिकवावीच लागते. विद्यार्थी नाहीत म्हणून शिक्षक नाही आणि शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे. जेथे विषय आहे, तेथेही पुष्कळदा तो गुणांसाठी घेतला जातो आणि निकालानंतर विसरला जातो. मुलांवर आधीच तीन भाषांचे ओझे आहे, ही पालकांची तक्रारही खोटी नाही. म्हणून सक्ती नको, गोडी हवी.

या बाबतीत याच जिल्ह्याचा इतिहास मार्गदर्शक आहे. निजामी राजवटीत उच्च शिक्षणावर उर्दूचे वर्चस्व असताना हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखे मुख्याध्यापक तिला लाभले. सरकारी धोरण बदलण्याची वाट पाहत ती माणसे बसली नाहीत.

विश्वस्त संस्थेने एवढाच संकल्प करावा: आठवड्यातून एक दिवस प्राकृतचा वर्ग, सर्व जातिधर्मांच्या मुलांना मुक्त प्रवेश आणि शिक्षकाला सन्मानपूर्वक मानधन. प्रारंभ परिचित मराठी शब्दांपासून व्हावा. व्याकरण मागाहून येईल. शिखरासाठी आणि संगमरवरासाठी समाज नेहमीच मुक्तहस्ते देतो. त्यातील अल्पसा वाटा एका फळ्यासाठी आणि एका शिक्षकासाठी निघाला, तर संस्थेच्या शताब्दीला मंत्र म्हणणाऱ्या मुलांना त्याचा अर्थ सांगण्यासाठी बाहेरून पंडित बोलवावा लागणार नाही.

जय जिनेंद्र!