सरहद्दीचा निःशस्त्र सेनानी



पठाण म्हटला की बंदूक आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारं वैर, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. खान अब्दुल गफार खान ऊर्फ बादशहा खान यांनी अहिंसेची फौज उभी केली ती याच पठाणांतून. पेशावरजवळच्या उत्मानझई गावी १८९० मध्ये जन्मलेल्या या जमीनदारपुत्रानं आधी शाळा काढल्या, गावोगाव पायी हिंडून माणसं जोडली आणि १९२९ मध्ये ‘खुदाई खिदमतगार’ ही संघटना स्थापन केली. सूड घेणार नाही, हात उगारणार नाही, सेवेचा मोबदला मागणार नाही, अशी शपथ घेऊनच त्यात यावं लागे. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून ते विटकरी रंगात बुडवले आणि सरकारनं खिदमतगारांना ‘लाल डगलेवाले’ ठरवलं.

या शपथेची कसोटी लागली २३ एप्रिल १९३० रोजी. नेत्यांना अटक झाल्यानं पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात लोक जमले. चिलखती गाड्या आल्या, गोळीबार झाला, आणि नि:शस्त्र माणसं हटली नाहीत. सरकारच्याच फौजेतल्या चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदार शिपायांनी तर अशा जमावावर गोळी झाडायला साफ नकार दिला. त्यासाठी त्यांनी दीर्घ तुरुंगवास सोसला. माझ्या मते आपल्या स्वातंत्र्यलढ्यातला हा सर्वांत तेजस्वी दिवस आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत संपतो.

बादशहा खान अहिंसा गांधीजींकडून उसनी घेऊन आले नव्हते. मक्केत छळ सोसणाऱ्या पैगंबरांच्या सबुरीत त्यांना ती सापडली होती. १९३४ मध्ये त्यांना स्वतःच्या सरहद्द प्रांतात पाऊल ठेवायला बंदी झाली, तेव्हा ते वर्ध्याला गांधीजींजवळ येऊन राहिले. मुंबईतल्या एका भाषणावरून त्यांना तिथूनच पुन्हा पकडलं गेलं आणि दोन वर्षांची शिक्षा झाली.

फाळणीला त्यांचा ठाम विरोध होता. काँग्रेसनं ती मान्य केली, हे दुःख त्यांना अखेरपर्यंत सलत राहिलं. पुढे पाकिस्तान सरकारनंही त्यांना वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं. म्हणजे स्वातंत्र्य आलं, पण ज्यानं ते मागितलं त्याची तुरुंगातून सुटका झाली नाही. भारतानं १९८७ मध्ये त्यांना भारतरत्न दिलं. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरला ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन झालं अफगाणिस्तानातल्या जलालाबादला. तिथे युद्ध पेटलेलं असतानाही हजारो माणसं खैबर खिंड ओलांडून त्यांच्यामागे गेली.